चौथ्या मितीतला मोदक

मी इंजिनिअर असल्यामुळे विश्वातल्या सगळ्या शंकांची उत्तरं माझ्याकडे असतात, असा माझ्या भाच्याचा समज आहे. तो मीच करून दिलेला असल्यामुळे तक्रारीला जागा नाही. गणेशचतुर्थीच्या सकाळी आई आणि ताई ओट्यापाशी उकड मळत होत्या, तेवढ्यात त्यानं विचारलं, "मामा, चौथी मिती म्हणजे काय रे?"

"ती चौथीत शिकवतात," पाच वर्षांची भाची म्हणाली.

तो दुसरीत असल्यामुळे त्याचं समाधान झालं. तिथंच मी गप्प बसायला हवं होतं.

"लांबी, रुंदी, उंची या तीन मिती. चौथी या तिघींशी काटकोनात." मी एक हात पुढे केला, एक बाजूला, मान वर ताणली आणि चौथीसाठी पाय उचलला.

"मामा, स्टॅच्यू!" भाची ओरडली.

एडविन अ‍ॅबट नावाच्या इंग्रज हेडमास्तरांनी 1884 साली 'फ्लॅटलँड' लिहून यावर तोड काढली होती. वरची पायरी दिसत नसेल, तर एक पायरी खाली उतरायचं. त्यांच्या पुस्तकातली माणसं सपाट, त्रिकोणी-चौकोनी. मी पोरांना दारातल्या रांगोळीपाशी नेलं. "समजा, ही बाई रांगोळीतच राहते. वर-खाली तिला ठाऊकच नाही. तिच्या जगातून एक मोदक खालून वर गेला, तर? आधी नाकाचा ठिपका, मग कळ्यांचं कडं, ते फुगत फुगत मोठं होणार आणि एकदम गायब!"

"म्हणजे तिला खाताच येणार नाही?" भाचीचे डोळे भरले.

मी घाईनं पुढे सरकलो. रांगोळीतल्या बाईनं चारी बाजूंनी बंद पेटी काढली, तरी आपण वरून बोट घालतोच. तसंच चौथ्या मितीतल्या कुणाला, झाकण न उघडता आपल्या डब्यातलं काहीही उचलता येईल. भाच्याचा चेहरा उजळला. शिकवणाऱ्याला असा क्षण क्वचित लाभतो, म्हणून मला संशय आला नाही.

"मग ती मिती दिसत का नाही?"

याचं एक उत्तर ऑस्कर क्लाइन यांनी 1926 मध्ये सुचवलं: ती फार बारीक गुंडाळलेली असेल. कपडे वाळत घालायची दोरी लांबून नुसती रेघ दिसते; तिच्याभोवती वळसाही घालता येतो, हे तिच्यावरच्या मुंगीला विचारावं. दोघं तडक गॅलरीत गेली. दोरीवर मुंगी नव्हती, ताईचे दोन गाऊन होते. स्ट्रिंग थिअरीत अवकाशाच्या नऊ मिती असतात, हे मी सांगितलंच नाही. हातपाय पुरले नसते.

नैवेद्याचे 21 मोदक आईनं मोजून डब्यात ठेवले होते. आरतीच्या वेळी डबा उघडला तर 19.

"झाकण घट्ट होतं ना, आजी? चौथ्या मितीतून नेले असणार. मामाला विचार."

"तत्त्वतः शक्य आहे," मी हातात घंटा घेऊन म्हणालो.

"त्याला म्हणावं, नैवेद्य झाल्यावर ये. आणि येताना तोंड पुसून ये," असं म्हणत आईनं पदरानं भाच्याच्या ओठावरचं सारण पुसलं.

भाचीनं मात्र आपल्या वाटणीचा एक मोदक रात्री गुपचूप रांगोळीवर, त्या बाईच्या तोंडापाशी ठेवला. सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या. रांगेचा माग काढत आम्ही गॅलरीत पोचलो. मुंग्या कपड्यांच्या दोरीवरून उतरत होत्या.

भाचा स्टुलावर चढला आणि बराच वेळ दोरीला नाक लावून उभा राहिला.

"मामा, या तर सगळ्या सरळच चालल्यात."