बॅटरीची सहल

फुकटच्या विजेची खरी किंमत काढायची असेल, तर एव्हरशाईन सिटीतून पाचूबंदरला एक उतरलेली बॅटरी घेऊन जावं. आमच्या इमारतीतले काका निघाले, तेव्हा बॅटरीचा दुसरा कान धरायला मला बोलावलं.

घरात चार्जर होता. पण पाचूबंदरला काकांच्या साडूंची होडी आणि होडीला आउटबोर्ड इंजिन! "इंजिन फिरतंच ना? मग मीटर कशाला फिरवायचा?" काकांचा सवाल बिनतोड होता.

शेअर रिक्षात बॅटरीने तिसरी सीट पटकावली. रिक्षावाल्याने तिचेही पैसे मागितले. "ही काय माणूस आहे?" काका कडाडले. "माणूस असता तर मांडीवर घेतला असता," तो म्हणाला. अ‍ॅसिड सांडेल म्हणून तिला आडवी करायची सोय नाही, त्यामुळे वसई रोडचा पूल आम्ही पालखीच्या भोयांसारखा ओलांडला. पश्चिमेच्या बसमध्ये एका मावशींनी बोंबलांची पाटी सरकवून जागा दिली आणि घासाघीस सुरू करायच्या सुरात विचारलं, "कितीला दिली?"

वसईच्या किल्ल्याचा तट दिसला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून याला खिंडार पाडलं होतं. आमची फौज दोघांची, पण दमछाक तेवढीच.

साडूंनी दोरी ओढून इंजिन सुरू केलं, लाल तार धनाला आणि काळी ऋणाला लावली. इंजिनाच्या फ्लायव्हीलखाली तांब्याची कॉइल असते. वर चुंबकं फिरली की वीज उमटते आणि रेक्टिफायर ती बॅटरीजोगी करतो. "किती अँपिअर?" काकांनी विचारलं. "पुरा वेग दिला तर सहाएक. जाळ्यापाशी हळू चालताना एक-दोन मिळाले तरी नशीब."

बॅटरी 60 अँपिअर-अवरची. म्हणजे पूर्ण वेगात दहा तास, वर गळती वेगळी. जाळी तर अर्ध्या तासात पाहून झाली. काकांनी उत्तनच्या दिशेने एक जादा फेरी मारायला लावली. तेवढ्यात, किती भरली हे बघायला त्यांनी चालू इंजिनावरच तारेला हात घातला. "साडूभाऊ, हात काढा! रेक्टिफायर जाळाल!" जन्मभर माशांवर ओरडण्याची सवय नसलेला तो माणूस काकांवर ओरडला.

परतीच्या बसमध्ये मी कागदावर हिशेब मांडला. 12 गुणिले 60, म्हणजे 720 वॅट-अवर. गळती धरली तरी घरच्या मीटरवर जेमतेम एक युनिट. बॅटरीचं एका बाजूचं रिक्षाभाडंच त्याहून जास्त झालं होतं. जादा फेरीच्या इंधनाचा विषय साडूंनी नात्याखातर काढला नाही.

निघताना मी साडूंना विचारलं होतं, तुमच्या होडीतल्या दिव्यांची आणि जीपीएसची बॅटरी कशी भरता? ते म्हणाले, "रात्री घरी. भिंतीतल्या प्लगवर."