दिशाकाका

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक पार्किंगवरून भांडणारा असतो आणि एक दिशाकाका असतात. सेक्रेटरी निवडून येतो, भांडणारा जन्माला येतो. दिशाकाका निवृत्तीनंतर घडतात. नोकरीत पस्तीस वर्षं त्यांचं टेबल दाराकडे पाठ करून, तुळईच्या बरोबर खाली आणि स्वच्छतागृहाच्या समोर होतं. म्हणजे वास्तुशास्त्र आणि फेंगशुई या दोन्हींच्या हिशेबाने त्या टेबलावर माणूस टिकायलाच नको होता. काका टिकले, वेळच्या वेळी बढत्या घेतल्या आणि पूर्ण पेन्शनवर बाहेर पडले. हा मुद्दा त्यांच्यासमोर काढू नये. काढलात तर शांतपणे म्हणतात, "जागा बरोबर असती तर जनरल मॅनेजर झालो असतो."

दिशाकाका बेल वाजवतात, पण लगेच आत येत नाहीत. उंबऱ्यावर थांबतात, खिशातून फोन काढतात, होकायंत्राचं अ‍ॅप उघडतात आणि ते ताळ्यावर यावं म्हणून फोनने हवेत इंग्रजी आठचा आकडा गिरवू लागतात. नवख्या माणसाला वाटतं, गृहस्थ दाराला ओवाळताहेत. मग अंश दिसतात, भुवया वर जातात आणि काका नुसतं "हं" म्हणतात. त्या एका "हं"ने घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

मग मोजणी सुरू होते. दारात जी उत्तर सापडली ती हॉलमध्ये थोडी सरकते आणि फ्रिजजवळ गेल्यावर भलतीकडेच तोंड करते. भिंतींमधल्या लोखंडी सळया आणि फ्रिजच्या दारातली चुंबकपट्टी यांच्यापुढे फोनमधल्या होकायंत्राचं काही चालत नाही, हे सातवीतलं पोरगंही सांगेल. काकांना त्यात वेगळंच दिसतं. "तुमच्या घरात उत्तरच स्थिर नाही हो! चिरंजीव सारखे नोकऱ्या का बदलतात, ते कळलं आता?"

स्वयंपाकघरात शिरल्यावर विचारतात, "वहिनी, शेगडी कुठे आहे?"

"ओट्यावर."

"तसं नव्हे. कुठल्या दिशेला?"

"खिडकीच्या. फोडणीचा धूर बाहेर जातो."

खरं तर ही शास्त्रं घडत होती तेव्हा त्यांचं या वहिनींशी छान जमलं असतं. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे वारे येतात. म्हणून पाठीशी डोंगर, समोर पाणी आणि तोंड दक्षिणेला, असं घर तिथे उत्तम. बीजिंगचा जुना राजवाडासुद्धा दक्षिणेकडे तोंड करून बसला आहे. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वास्तुविद्येला एक अख्खं प्रकरण दिलं. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात, कारण झड नैर्ऋत्येकडून येते. नैर्ऋत्य बंद ठेवा, हे तिथल्या माणसाला सांगायला शास्त्री लागत नाही. एक जून महिना पुरतो. पण सातव्या मजल्यावर, समोरच्या इमारतीच्या डक्टकडे तोंड केलेल्या वन बीएचकेत वारा, ऊन आणि पाऊस यांतलं काहीच पोचत नाही. तिथे फक्त दिशा पोचतात, आणि त्यांच्या पाठोपाठ काका.

काकांचा अभ्यास मात्र दांडगा आहे. मलेशियाच्या लिलियन टू यांची पुस्तकं त्यांच्याकडे प्लास्टिकची कव्हरं घालून ठेवलेली आहेत. फेंगशुईच्या एका जुन्या ग्रंथाचा विषय घर नसून थडग्याची जागा हा आहे, हेही त्यांना माहीत आहे; पण ते सांगत नाहीत, ऐकणारा बिचकतो. त्याऐवजी हाँगकाँग सांगतात. तिथे १९९० साली बँक ऑफ चायनाचा मनोरा उभा राहिला. वास्तुरचनाकार आय. एम. पेई, इमारत सगळी त्रिकोणी, धारदार कडांची. शेजारपाजारचे लोक हादरले, की या धारा आपल्यावर रोखल्या आहेत. मग जवळच्या एचएसबीसी बँकेच्या गच्चीवरच्या क्रेन म्हणजे तिकडे रोखलेल्या तोफाच आहेत, असं लोक सांगू लागले. आणि २००५ साली उघडलेल्या हाँगकाँगच्या डिस्नेलँडने फेंगशुईच्या सल्ल्याने म्हणे आपलं मुख्य दारच १२ अंशांनी फिरवलं! ही गोष्ट काका वार्षिक सर्वसाधारण सभेत हमखास सांगतात. सभासदांचे डोळे विस्फारले, की हळूच जोडतात, "आपण गेट नको फिरवूया. नुसती माझी पार्किंगची जागा फिरवू."

काकांची खरी अडचण अशी, की ते दोन्ही शास्त्रांचे भक्त आहेत आणि दोन्ही शास्त्रांचं एकमेकांशी पटत नाही. चीनला दक्षिण प्रिय. आपल्याकडे दक्षिण यमाची. चीनच्या मते आग्नेय हा धनाचा कोपरा, तिथे पाणी खेळवा. आपल्या मते आग्नेय अग्नीची, तिथे पाणी म्हणजे घराला आग. म्हणजे भारत-चीन सीमावाद लडाखात जेवढा आहे तेवढाच काकांच्या हॉलच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. तिथे त्यांनी फिशटँक ठेवला, चीनच्या समाधानासाठी. मग त्यात लाल बल्ब सोडला, अग्नीच्या समाधानासाठी. आत आठ सोनेरी मासे आणि एक काळा. काळा मासा मेला तर त्याने घरावरचं संकट अंगावर घेतलं असं समजायचं. मासे रात्रंदिवस बल्बच्या उजेडात शिजत असल्याने काकांच्या घरावरचं संकट सरासरी महिन्याला एक या दराने टळतं. क्रॉफर्ड मार्केटातला मासेवाला त्यांना बघताच खुर्ची पुढे करतो.

पलंगाचंही तसंच. डोकं उत्तरेला नको, हे आपल्या आज्यांचं म्हणणं. पाय दाराकडे नकोत, हे चिन्यांचं. काकांच्या बेडरूमचं दार उत्तरेला. डोकं दक्षिणेला केलं की पाय दाराकडे जातात, आणि पूर्व-पश्चिम झोपायला तुळई आडवी येते. शेवटी पलंग तिरका ठेवला. आता दोन्ही शास्त्रं खूश आहेत. फक्त कपाटाचं एक दार उघडत नाही. काकांचे लोकरीचे कपडे त्या दाराआड आहेत आणि दर डिसेंबरात काका खोकतात. खोकल्याचं कारण ते वायव्येत शोधतात.

उपायांच्या बाबतीत त्यांची वृत्ती अत्यंत उदार. दाराला लिंबू-मिरची आपली, नाणी लाल फितीतली चीनची, पिरॅमिड इजिप्तचे आणि निळा डोळा तुर्कस्तानचा. संयुक्त राष्ट्रसंघात इतके देश शेजारीशेजारी बसून एकमेकांशी इतके गप्प राहात नाहीत. पाण्यात ठेवलेला लकी बांबू चिनी म्हणून आणलेला. तो मुळात बांबूच नव्हे, मध्य आफ्रिकेतलं ड्रॅसिना जातीचं झाड आहे. हे कुणी सांगितलं तर काका म्हणतात, "वाढतोय ना? मग झालं!" २०२० साली गलवाननंतर चिनी मालावर बहिष्काराची लाट आली तेव्हा त्यांनी फोनमधली चिनी अ‍ॅपं सर्वांसमक्ष उडवली. तीन पायांच्या बेडकाकडे लोकांची नजर गेली तेव्हा मात्र घाईघाईने म्हणाले, "हा पितळी आहे, मुरादाबादचा."

या बेडकाचं प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. तोंडात नाणं धरलेला हा प्राणी दाराजवळ ठेवायचा, पण तोंड घराच्या आत. म्हणजे तो पैसा घेऊन उडी मारत आत येतो. बाहेर तोंड केलं, की पैसा घेऊन निघून जातो. एकदा आठवडाभर काकांचे खर्चच खर्च निघाले: विजेचं बिल, गिझर, जावयाचा धोंड्याचा मान. रविवारी पाहतात तो बेडूक दाराकडे तोंड करून बसलेला. घरात चौकशी समिती बसली. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी कबूल झाल्या. "मीच फिरवला. पुसताना बघितलं तर मागं एकच पाय. आता तुम्ही म्हणाल माझ्या हातनं मोडला. म्हणून तुटकी बाजू भिंतीकडं लपवली."

लाफिंग बुद्धाचा नियम आणखी कडक. तो म्हणे स्वतः विकत घ्यायचा नाही, कुणीतरी भेट द्यावा लागतो. (हा पोट सुटलेला हसरा गृहस्थ गौतम बुद्ध नव्हे, चीनमधला दहाव्या शतकाच्या सुमाराचा बुदाई नावाचा, खांद्यावर पोतडी घेऊन हिंडणारा भिक्षू.) पण आयुष्यात आपल्याला बुद्ध भेट देईल असा माणूस ऐनवेळी कुठून आणायचा? काकांनी तोडगा काढला. ए विंगने बी विंगसाठी घ्यायचा, बी विंगने ए विंगसाठी. मग तुळशीबागेतून घाऊक भावात बुद्ध आले, जिन्यात देवाणघेवाण झाली आणि ज्याला लहान मूर्ती मिळाली तो मोठी मूर्ती मिळालेल्याशी अजून बोलत नाही. बुद्ध दोन्ही घरांत हसतोय.

एवढ्या मोठ्या साम्राज्यात एकच स्वतंत्र संस्थान आहे: काकांचं स्वतःचं स्वयंपाकघर. स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला हवं, असं काकांनी लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर काकूंना सांगून पाहिलं. काकू पोळी उलटत म्हणाल्या, "मी उभी राहते ती पूर्व." तेव्हापासून त्या खोलीत होकायंत्र गेलेलं नाही.

आता तुम्ही विचाराल, की एवढं सगळं असून लोक या माणसाला घरात घेतात कशाला? हसण्यावारी नेणारेही गुपचूप बोलावतात. याचं कारण दिशांमध्ये नाही, माणसांत आहे. घरात काही बिनसलं की कुणाचा तरी दोष काढावा लागतो, आणि दोष काढला की घर आणखी बिनसतं. काका येतात आणि सांगतात, दोष कुणाचाच नाही, दोष आग्नेयेचा. मुलाला बारावीत कमी मार्क पडले? आरसा. सासू-सुनेचं पटत नाही? शेगडी आणि सिंक शेजारी आहेत, अग्नी आणि पाणी भांडणारच. आग्नेय कोपरा रुसत नाही, माहेरी जात नाही आणि वाटणी मागत नाही. असा आरोपी घराघरात हवा असतो.

त्याहून हुशार माणसं एक पाऊल पुढे जातात. आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींना हॉलमधला सासऱ्यांच्या वेळचा शिसवी दिवाण नको होता. त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्याला सांगितलं. दर वेळी "बाबांची आठवण आहे" इथे विषय संपला. एके संध्याकाळी त्यांनी काकांना चहाला बोलावलं, कपबशी हातात दिली आणि अगदी सहज विचारलं, "काका, हा दिवाण इथे बरा आहे ना हो? नाही म्हणजे, आपलं विचारलं." काकांनी फोन काढला, आठ गिरवला आणि बशी खाली ठेवली. "हा? एवढं वजन ईशान्येला? आणि तुम्ही गप्प बसलात?" पुढच्या रविवारी दिवाण गावच्या घरी रवाना झाला आणि नवऱ्याने स्वतः टेम्पो ठरवला. त्याच बैठकीत सासूबाईंनी टीव्ही आपल्या खोलीत घेतला, कारण तो तिथेच शुभ होता. नातवाचं अभ्यासाचं टेबल पूर्वेच्या खोलीत गेलं. एसी त्याच खोलीत आहे. काका लिफ्टमध्ये शिरताना समाधानाने म्हणाले, "पूर्ण घर बदलून दिलं." ते खरंच होतं. फक्त कुणी कुणाला बदललं, हे लिफ्ट वर जाईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं आणि आजही आलेलं नाही.

म्हणून दिशाकाका भोळे आहेत, लबाड नाहीत. फी घेत नाहीत आणि भीती घातली तरी जाताना उपाय ठेवून जातात. काळजी घ्यायची ती फक्त खर्चाच्या उपायांत. काका भिंत पाडायला सांगू लागले, संडास हलवायला निघाले किंवा ओळखीच्या माणसाकडचा हजारोंचा स्फटिक सुचवू लागले, तर चहाचा दुसरा कप देऊ नका. बाकी ते माळ्यावरचं भंगार काढायला सांगतील, बंद खिडक्या उघडायला सांगतील, दारातला चपलांचा ढीग हलवायला लावतील. ते सगळं मुकाट्याने करा, त्यात तुमचं काही जात नाही. आणि ते यायच्या आधी प्लंबरला बोलावून गळका नळ दुरुस्त करून घ्या. गळक्या नळातून लक्ष्मी वाहून जाते, यावर चीन आणि भारत या दोघांचं पूर्ण एकमत आहे. पाणीपट्टी आली की तुमचंही होईल.