नाश्ता विचारलात, देश विचारलात का?

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. स्टेशनबाहेर कुठल्याही टूरवाल्याकडे नेपाळच्या ‘पशुपतिनाथ-पोखरा-मुक्तिनाथ’ टूरची पाटी दिसतेच. पैसे भरण्याआधी आपण बारीक चौकशी करतो. जेवणात कांदा-लसूण असतो का, आईला मुक्तिनाथच्या पायऱ्या झेपतील का, नाश्ता धरला आहे ना? तिथलं सरकार कसं चाललंय, हे कोणी विचारत नाही. टूरवालाही सांगत नाही.

सप्टेंबर 2025 आठवा. 4 तारखेला नेपाळ सरकारने व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूबसह 26 समाजमाध्यमांवर बंदी घातली. म्हणजे इशारा थेट पर्यटकाच्या हातातल्या फोनवरच आला होता! ज्या सरकारला आपल्याच तरुणांचं बोलणं सोसवत नाही, त्याच्या पायाखालची वाळू सरकू लागलेली असते. 8 तारखेला भ्रष्टाचाराविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि एका दिवसात 19 जण गेले. 9 तारखेला पंतप्रधान ओलींचा राजीनामा, सिंहदरबार या सरकारी मुख्यालयाला आग, त्रिभुवन विमानतळ बंद. काठमांडूचं हिल्टन हॉटेलही जळालं. पर्यटक अडकले ते असे.

अडकलेल्यांची भीती खरी होती, घरच्यांचा जीव टांगणीला लागला हेही खरं. पण परतल्यावर सगळी चर्चा रिफंडची, हे मला खुपतं. त्या आंदोलनात एकूण 70हून अधिक माणसं मेली. त्यांत शाळा-कॉलेजची पोरं होती, आपल्या सोसायटीच्या जिन्यावर बसतात त्याच वयाची. आपण मात्र म्हणतो, ‘तिकडे राडा झाला.’

देश एका रात्रीत पेटत नाही. श्रीलंकेत जुलै 2022 मध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले, त्याआधी कित्येक महिने पेट्रोलच्या रांगा लागत होत्या. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ते दिसत होतं.

अशा देशांत जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. तिथल्या हॉटेलवाल्याचं, गाइडचं पोट आपल्यावरच आहे. पण पुढचं बुकिंग कराल तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून घ्या. बंदी आली की फोनचा भरवसा नाही. विमा दंगलीत लागू पडतो का, हे टूरवाल्याकडून लेखी घ्या. आणि तिथल्या टॅक्सीवाल्याला भाडं विचारून झालं की एवढंही विचारा: तुमच्याकडे सध्या काय चाललंय?