गाडी एका बाजूला ओढते? नवशिक्यांसाठी सहा सोप्या पायऱ्या

गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाने गावी जाऊन आलात? अभिनंदन! आता तुमच्या गाडीची चारही चाकं एकमताने चालत नसण्याची दाट शक्यता आहे. खात्री करून घेण्यासाठी पुढील पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

१. आधी रस्त्याला दोष द्या. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालवतो. त्यामुळे डावीकडची थोडी ओढ रस्त्याचीच. अनुभवी मालक हे कारण सपाट रस्त्यावरही वर्षभर पुरवतात.

२. हवा बघा. एका टायरात हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला जाते. किती हवी, ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेलं असतं. ते वाचणारे सोसायटीत बहुधा तुम्ही पहिलेच.

३. स्टीअरिंग बघा. गाडी सरळ चाललेली असताना स्टीअरिंगवरचा कंपनीचा बिल्ला तिरका दिसतो? बिल्ला सरळ दिसेपर्यंत मान कलती करणं हा बिनखर्ची उपाय. बाकीच्यांनी अलाइनमेंट करून घ्यावी.

४. थरथर वेगळी. ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर तो सहसा बॅलन्सिंगचा मामला. त्यात रिमला छोटी वजनं लावतात; अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवतात. ‘दोन्ही करून टाका ना’ म्हणणाऱ्याला हा फरक ऐकवावा आणि मग दोन्ही करून घ्यावं.

५. टायरला हात लावा. हीच खरी परीक्षा, म्हणून कोणी देत नाही. गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टीअरिंग पूर्ण वळवा. तार उघडी पडलेली नाही ना, हे पाहून नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एकीकडे जाताना गुळगुळीत आणि परत येताना करवतीसारखी धार लागली, तर चाकं समांतर नाहीत. मग वाकून आतली कड बघा. बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर आतून पार खाल्लेला सापडतो. आपण पॉलिश मारतो ते बाहेरून! खोबणीच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली. आता अलाइनमेंटआधी टायर.

६. मशीनवर चढवा. पडद्यावर टो, कॅम्बर, कॅस्टरचे आकडे लाल-हिरवे होतील; समजल्यासारखी मान डोलवावी. मात्र दोन गोष्टी मागाव्यात : आधी टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट ढिले नाहीत ना याची तपासणी, आणि शेवटी आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा छापील कागद. सांधे ढिले असतील तर हिरवे आकडे पुढच्या खड्ड्यापर्यंतच हिरवे.

तरीही ओढ राहिली, तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा. ओढीने बाजू बदलली, तर दोष टायरचा. आणि गाडी फक्त वडापावच्या गाडीपाशीच डावीकडे वळत असेल, तर चाकं निर्दोष आहेत.