सूर्यनारायणाचा सातबारा

सामुदायिक मालकीची वीज ही म्हणे आता जगाची दिशा आहे. जर्मनीत गावकरी सहकारी संस्था काढतात, पवनचक्क्या नि सौर पॅनेल उभारतात आणि नफा वाटून घेतात. हे ऐकून वेंगुर्ल्यात कोणाची भुवईसुद्धा हलली नाही. सामुदायिक मालकी आम्हाला कोण शिकवणार? इथल्या कुठल्याही कातळाचा सातबारा काढून बघा. भोगवटादारांच्या रकान्यात वीस नावं. त्यातले निम्मे मुंबईत, चौघे कैलासवासी, दोघींची लग्नं होऊन आडनावं बदललेली आणि एकजण कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. मात्र त्याचा हिस्सा नेमका किती, ते सगळ्यांना पाठ.

आता सरकारकडे बघा. 2019 च्या पीएम-कुसुम योजनेतला 'अ' घटक म्हणतो, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती यांनी पडीक जमिनीवर 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारावेत, वीज वितरण कंपनी विकत घेईल. योजना जणू आमच्या कातळासाठीच लिहिलीय. जमीन पडीक आहे, ऊन फुकट आहे, गट तर पिढ्यान् पिढ्या आहे. अडतं ते फक्त संमतीपत्रापाशी. देवळाच्या सभामंडपात बैठक बसली तेव्हा आमच्या वाडीतल्या आबांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला: "पॅनल बसवूक म्हयनो पुरे. सह्यो जमवूक दोन पिढ्यो लागतले."

बरं, जमीन राहू दे, छप्पर घ्या. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरावर 3 किलोवॅट बसवा, 78 हजार रुपये अनुदान घ्या. चांगली योजना आहे, खोटं कशाला बोला. पण आमच्या घरांवर माड, फणस आणि शेजाऱ्याचा आंबा यांची सामाईक सावली. आंबा तोडा म्हणावं तर सौरऊर्जेआधी फौजदारी सुरू होईल. खणखणीत ऊन पडतं ते देवळाच्या छपरावर. तिथे एकच मोठा संच बसवून वीज पंधरा घरांत वाटावी, इतकी साधी कल्पना. अर्जात मात्र ग्राहक क्रमांक एक, मीटर एक, नाव एक. गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे 18 हजार मिळतात. वाडी ही गृहनिर्माण संस्था नव्हे. तिची नोंदणी फक्त ग्रामदेवतेकडे आहे आणि ती पोर्टलवर नाही.

मूळ कायदा तसा मोठ्या मनाचा. 2003 च्या वीज कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी वीज तयार करायला परवाना लागत नाही, आणि या 'स्वतः'मध्ये सहकारी संस्थाही बसते. मग 2005 चे नियम आले: वापरणाऱ्यांची किमान 26 टक्के मालकी हवी, निदान 51 टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. शिवाय दुसऱ्याच्या तारांवरून न्यायची तर वहनाचा आकार. वाचताना डोळ्यासमोर पोलादाचा कारखाना उभा राहतो. पंधरा घरं, एक पिठाची गिरण आणि देवळावरची माळ काही केल्या उभी राहत नाही.

वीज आणि सहकार हे शब्द एकत्र आले की साहेब लोक दचकतात, त्यालाही इतिहास आहे. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज संस्थेने चार दशकं वीज वाटली, थकबाकीचं भांडण वाढलं आणि 2011 मध्ये तो कारभार महावितरणकडे गेला. ठीक. पण थकबाकी सहकारातच साचते आणि कंपन्या तेवढ्या सोवळ्या, हे कोणी सांगितलं?

आणि छपरावरच्या संचाचं म्हणाल, तर मे 2021 मधल्या तौक्ते चक्रीवादळानंतर किनाऱ्यावर जागोजाग अंधार होता. तेव्हा कळलं, की बॅटरी नसलेला साधा सौर संच लाइन गेली की स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकच. तरीही डोक्यावर ऊन, छपरावर पॅनेल आणि खाली मेणबत्ती, हा देखावा कोणत्याही योजनेच्या जाहिरातीत दिसत नाही.

आणि तरी याच वेंगुर्ल्याने सार्वजनिक ऊर्जा करून दाखवली आहे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने कचरा घरोघर वेगळा करायला लावला, ओल्याचा बायोगॅस केला, पालापाचोळ्याचा कांडी कोळसा केला. लांबून लोक बघायला आले. ते जमलं, कारण कचऱ्यावर कोणी हिस्सा सांगत नाही.

तेव्हा वीज नियामक आयोगाला विनंती, एका छपरावरची वीज अनेकांच्या बिलांत वाटण्यासाठी दिल्लीने 2019 मध्ये नियम केले. तशी सोय आमच्या वाडीच्या दारापर्यंत पोचवा आणि अर्जदाराच्या रकान्यात 'वाडी' लिहू द्या. आणि चाकरमान्यांनो, यंदा चतुर्थीला याल तेव्हा पेढे नसले तरी चालतील, आधार कार्ड मात्र विसरू नका. तलाठ्याने प्रत्येकाची मूळ प्रत मागितली आहे.