तारमास्तर

कुणाच्या घरी गेलं की आपण आधी माणसांकडे बघतो. तारमास्तर भिंतीकडे बघतात. भिंत आणि आढं मिळतात तिथून त्यांची नजर निघते, तारेच्या मागोमाग चौकटीवरून खाली उतरते आणि तार जिथे संपते तिथे जो कोणी बसला असेल त्याला ते "काय, बरं ना?" म्हणतात. बारशाला हेच आणि दहाव्यालाही हेच. एकदा दाखल्यासाठी एका कचेरीत गेले, तर कारकुनाशी बोलण्याआधी त्याच्या टेबलाखाली वाकले. "जॅकची क्लिप तुटलीय, म्हणून नेट जातंय," एवढं सांगून वर आले. दाखला त्याच दिवशी मिळाला. तळा तालुक्यात ही गोष्ट अजून सांगतात.

तार खात्याशी त्यांचा संबंध कधीच नव्हता. मुंबईत टेलिफोनच्या खांबांवर आणि रस्त्यातल्या खड्ड्यांत त्यांची नोकरी झाली. तारमास्तर हे गावाने ठेवलेलं नाव. देशातली तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, नाव चालूच राहिलं. अशी माणसं कोकणात गावोगाव आहेत. निवृत्त होतात, गावचं घर उघडतात, खिशात टेस्टर आणि मनगटात इन्सुलेशन टेपचं कडं घालून हिंडतात, आणि जे हाताने ओढून बघता येत नाही त्यावर विश्वास ठेवत नाहीत. देव तेवढा अपवाद.

मास्तरांचं घर तळगडाच्या बाजूला. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, वर माळा. घर आगगाडीसारखं लांब आणि भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. फायबरवाल्या पोराने डबा ओटीवरच ठोकला, कारण त्याच्याकडची काचेची तार तिथे संपली आणि त्याची दुपारही संपली. झालं असं की ओटीवर नेट धो धो, माजघरात बेताचं, स्वयंपाकघरात एक काडी आणि पडवीत शून्य. आता ओटीवर बसणार कोण? पेपर वाचायला मास्तर. नेट हवं असलेली माणसं सगळी आत. सून माळ्यावर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, नातू माजघरात खेळतो, काकूंना चुलीपाशी मालिका लागते, आणि गोठ्याजवळचा कॅमेरा रात्री कोल्हा येतो का बघतो.

गणपतीला डोंबिवलीहून भाचेजावई आले. ही दुसरी जमात. हिला तार दिसली की लाज वाटते. "मामा, तार-बीर काही नको. हा रिपीटर प्लगात लावायचा, झालं काम." त्यांनी तो लावला स्वयंपाकघरात, म्हणजे नेट जिथे पोचतच नव्हतं तिथे. रिपीटर बिचारा इमानी. जे ऐकू येईल तेच पुढे सांगणार. ऐकू काही येत नव्हतं, ते त्याने मोठ्या आवाजात सांगितलं. काकूंच्या मोबाइलवर सगळ्या काड्या भरल्या आणि मालिका जागची हलेना. काड्या रिपीटरपर्यंतच्या होत्या, रिपीटरच्या पुढचं त्या काही सांगत नाहीत. शिवाय साध्या रिपीटरला एकच रेडिओ. त्यावरच ऐकायचं आणि त्यावरच बोलायचं, म्हणून आलेला वेगही साधारण निम्म्यावर येतो.

"जावईबापू, आपण बसा. चहा घ्या," मास्तर म्हणाले. जावयाशी ते कधी आवाज चढवत नाहीत.

जावईबापू हटणारे नव्हते. "मामा, लहरी भिंतीतून जातात. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवलीय."

"कलकत्त्याची भिंत असेल. तळ्याची नसणार. आणि श्रावणातली तर नसणारच नसणार."

यात मास्तरांचा अडाणीपणा काढायचं कारण नाही. जांभा सच्छिद्र दगड. चार महिने पाऊस पिऊन तो फुगतो आणि पाणी या लहरींचा मोठा वैरी आहे. राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते, २.४ची हळू, पण चिवट. तळ्यातल्या ओल्या भिंतीपुढे दोघींचंही फारसं चालत नाही. मे महिन्यात माजघरात चालणारं नेट जुलैत का चालत नाही याचं मास्तरांनी दिलेलं उत्तर बरोबर होतं, फक्त ते त्यांनी जावयाला दोनदा दिलं.

मग मास्तरांनी आपलं सूत्र काढलं: बसणाऱ्याला तार, फिरणाऱ्याला हवा. टीव्ही बसलेला, सुनेच्या टेबलावरचा संगणक बसलेला, कॅमेऱ्याची पेटी बसलेली, यांना तार. मोबाइल फिरतात, त्यांना वायफाय. पण ते वायफायही तारेने आत नेऊन मग सोडायचं. ओटीपासून माजघरातल्या स्विचपर्यंत एक तार, तिथून वर माळ्यावर एक, आणि स्वयंपाकघरात जुना राउटर लावून त्यातून हवा. यात चूक काढायला मला जागा सापडली नाही, जावयांनाही नाही.

तार न्यायची कुठून? ड्रिलचं पातं भिंतीच्या निम्म्यापर्यंतच पोचलं. मास्तरांनी कुड्याच्या लेण्यांचा दाखला दिला. राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी कातळात सव्वीस लेणी खोदली, मग आपल्याला एक भोक जड जावं? काकू म्हणाल्या, "त्यांच्या बायका मागून भिंत सारवत नसतील." शेवटी तार वाशांच्या आधाराने कौलांखालून गेली. उंदीर तिकडेच असतात, म्हणून नळीत घालून.

खरा सोहळा जॅक बसवण्याचा. पाटावर मांडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, समोर स्टीलच्या ताटलीत पारदर्शक जॅक. वरचं साल सोलायचं, आतल्या चार जोड्यांचे पीळ उलगडायचे, आठ तारा बोटांनी विंचरून सरळ करायच्या आणि मग तोंडाने म्हणत ओळीत लावायच्या: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नातवाने विचारलं, "आजोबा, हिरव्याची जोडी मधेच का फोडली? निळे दोघे तिच्या मधे घुसलेत."

मास्तरांनी क्रिम्पिंगची पक्कड खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणीतरी विचारायला हवा होता. "बाळा, मधली जोडी टेलिफोनची. जुन्या फोनच्या जॅकमध्ये लाइन अगदी मधे यायची. संगणक आले, आठ तारा झाल्या, पण मधली जागा फोनचीच राहिली. हिरव्याने बाजूला व्हायचं." एवढं बोलून त्यांनी पक्कड दाबली. कट्‌ असा आवाज झाला. मग त्यांनी जॅक ओढून बघितला. मग नातवाला ओढायला लावला. मग मला.

जुन्या राउटरने एक दिवस घोळ घातला. त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ आणि ओटीवरच्याचाही तोच. घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायला दोघेही बसलेले, त्यामुळे प्रिंटर सकाळी दिसायचा आणि दुपारी परागंदा व्हायचा. इथे जावई कामाला आले, हे लिहिलंच पाहिजे. जुन्या राउटरचा पत्ता बदलून शेवटी २ केला, त्याचं पत्तेवाटप बंद केलं, तार त्याच्या इंटरनेटच्या भोकातून काढून शेजारच्या साध्या भोकात घातली, दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, आणि २.४च्या पट्टीत एकाला १ नंबरचा चॅनेल, दुसऱ्याला ११. आता काकू मोबाइल घेऊन ओटीवरून आत गेल्या की मोबाइल आपला आपण जवळचा डबा धरतो. मास्तर म्हणाले, "कारभारी एकच हवा." काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

सगळ्यात मोठा प्रसंग मात्र नवरात्रात आला. अख्ख्या घराचं नेट बंद. तारेचं, हवेचं, सगळं. स्विचवरचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत होते. मास्तर शिडी घेऊन वाशांत चढले. नळी उघडली, प्रत्येक जॅक ओढला, टेस्टरने आठही तारा तपासल्या. तुटलेलं काही नाही. दुपारचं जेवण टळलं. चारच्या सुमाराला नातवाच्या लक्षात आलं की स्विचला एकच तार दोन्ही टोकांनी लावलेली आहे. काकूंनी सकाळी माजघर झाडलं होतं. एक तार लोंबकळत होती, स्विचला एक भोक मोकळं होतं, त्यांनी ती नीट खोचून ठेवली. स्वस्तातल्या स्विचला हे समजत नाही. सगळ्यांना उद्देशून आलेला एकेक निरोप या टोकातून बाहेर, त्या टोकातून आत, असा गरगर फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात, आणि खऱ्या कामाला वाट उरत नाही. तार जास्त जोडली म्हणून बिघाड होतो, हे मास्तरांच्या शास्त्रात नव्हतं. रात्री ते दोन घास कमी जेवले.

निसर्ग चक्रीवादळाच्या वेळची त्यांची मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे आहे. ३ जून २०२०. कौलं उडालेली, खांब आडवे, दक्षिण रायगडात कित्येक दिवस लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही. लोक पत्रे आणि ताडपत्री शोधत होते. मास्तर घरात शिरले, ओल्या भिंतीवरून हात फिरवत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "आतली तार शाबूत आहे." तिच्यातून न्यायला काही नव्हतं, ही वेगळी गोष्ट. त्यांना समाधान होतं.

त्यांनी माघारही एकदाच घेतली. धाकट्या भावाच्या घरापर्यंत त्यांनी अंगणावरून तांब्याची तार नेली होती, पावलांनी मोजून, शंभर मीटरच्या आत, कारण त्यापुढे अशा तारेचा भरवसा नाही. परतीच्या पावसात शेजारच्या माडावर वीज पडली आणि दोन्ही घरांतले स्विच काळे झाले. आता तिथे काचेची तार आहे. काचेतून वीज चालत नाही. हे त्यांना पटतं, पण काचेला पक्कड लावता येत नाही, हे सलतं.

जावईबापूंनी मागच्या गणपतीत शेवटचं अस्त्र काढलं. "मामा, तुमचं इथरनेट १९७३चं. त्याची कल्पना मेटकाफला हवाईच्या बेटांवरच्या १९७१च्या बिनतारी जाळ्यावरून सुचली. तुमची तार हवेकडूनच शिकलीय." मास्तर दोन दिवस गप्प होते. विसर्जनाच्या आरतीनंतर, प्रसाद वाटता वाटता त्यांनी उत्तर दिलं: "बेटं होती ना? नाइलाज होता. आता बघा, समुद्राखालून तारा टाकल्यात. वर्सोव्याला येऊन वर चढतात. तुमचं डोंबिवलीचं वायफाय त्यांच्यावरच चालतं." जावयांनी मोदक घेतला.

हल्ली त्यांनी मोबाइललाही तार लावायचा जोड आणलाय. नातू गावाबाहेर असला की त्याच्याशी व्हिडिओ कॉल करताना मोबाइल तारेला बांधलेला असतो. चित्र जराही अडकत नाही. नातू म्हणतो, "आजोबा, कलमाला मोहोर आलाय का दाखवा ना." आजोबा म्हणतात, "तार तिथपर्यंत येत नाही, आजीला सांगतो." काकू आपला मोबाइल घेऊन कलमाखाली जातात आणि मोहोर दाखवतात.

तळ्याला कधी आलात आणि मास्तरांकडे चहाला बसलात, तर नेट चांगलं आहे म्हणा. वायफाय चांगलं आहे म्हणू नका. ते शिडी आणतील, तुम्हाला वाशांपर्यंत चढवतील, तार ओढायला लावतील, आणि इंदापूरला जायची शेवटची गाडी चुकेल.