हिमनद्यांना घाई नव्हती

नॉर्वेचा सोग्नेफियोर्ड 200 किलोमीटरहून लांब, 1300 मीटर खोल. हिमनद्यांनी लाखो वर्षं खपून कोरलेलं हे काम आपली मंडळी बसच्या काचेतून तासाभरात उरकतात, त्यातही निम्मी पेंगत. (हिमनद्यांना साडेसहाला इंडियन डिनरला पोचायचं नव्हतं.) बर्गनला ब्रिगेनची लाकडी घरं, 1979 पासून जागतिक वारसा. आगीच्या धास्तीनं तिथल्या हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांना एकेकाळी या घरांत चूल पेटवायला बंदी होती. त्या घरांसमोर भर पावसात छत्रीखालून चकल्यांचा डबा फिरला आणि टूर मॅनेजर ओरडला, "वीस मिनिटं! फोटो, टॉयलेट, शॉपिंग!" जूनमध्ये इथे सूर्य रात्री अकरानंतर मावळतो, हे कळल्यावर एक काकू मात्र खऱ्याच धास्तावल्या, "अगंबाई, मग शुभंकरोती कधी म्हणायची?"